आटाकामा : निरभ्र आकाश आणि बेपत्ता माणसांचा शोध

पात्रिसिओ गुस्मान यांच्या ‘नॉस्टॅल्जिया फॉर द लाइट’ (२०१०) या माहितीपटात दुर्बिणींतून आकाश न्याहाळणारे शास्त्रज्ञ आणि चिलीतील आटाकामा वाळवंट उकरून आप्तांच्या अस्थी शोधणाऱ्या स्त्रिया शेजारी-शेजारी दिसतात. ही सांगड दिग्दर्शकाने कल्पनेने घातलेली नाही. चिलीच्या इतिहासाने ती आधीच घालून ठेवली होती.

एका बाजूला अँडीज पर्वत आणि दुसऱ्या बाजूला हंबोल्ट हा थंड सागरी प्रवाह यांमुळे आटाकामात पाऊस जवळजवळ पडतच नाही. या कोरड्या हवेमुळेच वाळवंटाच्या दक्षिण टोकाला ला सिला वेधशाळा उभी राहिली आणि १९६९ मध्ये तिचे उद्घाटन झाले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, ११ सप्टेंबर १९७३ रोजी, जनरल पिनोशे यांच्या नेतृत्वाखालील लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे निर्वाचित सरकार उलथवले. पुढच्याच महिन्यात जनरल आरेयानो स्टार्क यांचे पथक हेलिकॉप्टरने गावोगाव उतरत राजकीय कैद्यांना ठार मारत गेले. १९ ऑक्टोबरला कालामा येथे २६ जणांना गोळ्या घालून वाळवंटात पुरण्यात आले. त्यांच्या बायका-बहिणी वर्षानुवर्षे फावडी घेऊन फिरल्या. १९९० मध्ये त्यांना जागा सापडली, पण हाती आले ते केवळ अस्थींचे तुकडे, कारण लष्कराने मृतदेह मधल्या काळात यंत्रांनी उकरून अन्यत्र हलवले होते. मारेकऱ्यांनी मृत्यूचा पुरावाही हिरावून घ्यावा, ही क्रूरता मूळ हत्येहून कमी मानता येत नाही.

चाकाबूको ही आटाकामातलीच, सोरा-उद्योग बुडाल्यावर ओस पडलेली कामगार वसाहत. लष्कराने तिथे राजकीय कैद्यांची छावणी केली. त्या कैद्यांपैकी काही जण रात्री ताऱ्यांचा अभ्यास करीत. नक्षत्रांच्या आधारे ते पळून जातील या भीतीने लष्कराने त्यावर बंदी घातली, अशी आठवण माहितीपटात येते. खगोलशास्त्र आणि दडपशाही यांचा इतका थेट सामना क्वचितच झाला असेल.

गुस्मान स्वतः सत्तापालटानंतर सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये कैदेत होते आणि सुटल्यावर देशाबाहेर गेले. त्यांचे छायाचित्रकार होर्खे म्यूल्येर सिल्वा यांना १९७४ मध्ये गुप्त पोलिसांनी पकडून नेले. ते आजही बेपत्तांच्या यादीत आहेत.

पिनोशे २००६ मध्ये कोणतीही शिक्षा न होता मरण पावले. अकराशेंहून अधिक माणसांचे अवशेष अद्याप मिळालेले नसताना, ऑगस्ट २०२३ मध्ये, सत्तापालटाला ५० वर्षे पूर्ण होण्याच्या तोंडावर, चिली सरकारने राष्ट्रीय शोधयोजना जाहीर केली आणि तोवर मुख्यतः कुटुंबीयांनी वाहिलेला शोधाचा भार शासनाची जबाबदारी म्हणून स्वीकारला.