कंबर कसण्याचं शास्त्र आणि घरातली यंत्रं

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले एक आजोबा नातवाला घेऊन माझ्याकडे आले. पोरगा एकोणीस वर्षांचा. उजव्या भुवईवर तीन टाके आणि कमरेत उसण. टमी ट्रिमर, म्हणजे पायात अडकवून हातांनी ओढायची स्प्रिंग, ओढताना त्याची दांडी पायातून निसटली आणि तोंडावर आली, हे टाक्यांचं कारण. कंबर धरली ती त्याच आठवड्यात रोज सकाळी उठल्या उठल्या दोनशे सिटअप मारल्यामुळे. आजोबा तालमीत वाढलेले. म्हणाले, "ताई, आमच्या तालमीत कुणी असं पोट दुमडत बसत नव्हतं. जोर मारायचे, मुद्गल फिरवायचं, हौदातली माती उकरायची. पोट आपसूक दगडासारखं व्हायचं. मग हे यंत्र कशाला?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हा प्रश्न मला गेली काही वर्षं सतत भेटतो आहे. तालमीत जायला वेळ नाही, जिमची फी परवडत नाही, मग घरी एक यंत्र मागवलं जातं. त्यात गैर काही नाही. पण यंत्र निवडायच्या आधी पोटाचे स्नायू मुळात काय काम करतात, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. बहुतेक दुखापती तिथल्या गैरसमजातून होतात.

अवघड काम हाती घेताना आपण मराठीत 'कंबर कसतो'. शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलणारा हमाल आधी खरोखरच पंचा कमरेला आवळतो. असाच एक पंचा शरीराच्या आतही आहे. पोटाच्या भिंतीत स्नायूंचे थर असतात. समोर उभा, 'सिक्स पॅक' म्हणून मिरवला जाणारा रेक्टस अ‍ॅब्डॉमिनिस. बाजूंना एकमेकांना छेद देत जाणारे दोन तिरके थर. आणि सगळ्यांत आत, कमरेभोवती आडवा गुंडाळलेला ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, मागे मणक्यांना चिकटलेले छोटे स्नायू. हे सगळे मिळून पोटाची पोकळी चारही बाजूंनी आवळतात आणि कण्याला आधार देतात.

या आधाराशिवाय कणा किती दुबळा असतो, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. स्नायू काढून टाकून फक्त हाडं आणि अस्थिबंध ठेवले, तर कमरेचा कणा सुमारे ९० न्यूटन भाराखाली वाकून कोलमडतो. म्हणजे जेमतेम नऊ किलो. आपलं धडच त्याच्या कितीतरी पट जड असतं. आपण उभे राहतो, चालतो, घागर उचलतो ते या आतल्या पंच्याच्या जिवावर. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. निरोगी माणसाला हात झटकन वर करायला सांगितला, तर हात हलवणाऱ्या स्नायूच्या आधी पोटाचा आडवा स्नायू जागा होतो. कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो जागा व्हायला उशीर लागत होता.

थोडक्यात, धडाला नको तिथे हलू न देणं हे या स्नायूंचं मोठं काम आहे. कुस्तीत समोरचा पैलवान ढाक लावतो तेव्हा ज्याचं धड पिळलं जात नाही तो टिकतो. जोर मारताना पोट लोंबू द्यायचं नसतं. एका हाताने मुद्गल फिरवताना ते अंगाला एका बाजूला खेचतं आणि पैलवान ती ओढ कमरेत जिरवतो. आजोबांच्या म्हणण्यात तथ्य होतं ते इथे.

आता सिटअप. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांच्या प्रयोगशाळेने वेगवेगळ्या व्यायामांत कण्यावर येणारा दाब काढला. एका सिटअपला तो ३,३०० न्यूटनच्या आसपास निघाला. वजन उचलणाऱ्या कामगारांसाठी अमेरिकेत ३,४०० न्यूटन ही सावधगिरीची मर्यादा मानली जाते. म्हणजे एक सिटअप त्या रेषेला जवळजवळ शिवते, आणि आमचा पोरगा दिवसाला दोनशे मारत होता. याच प्रयोगशाळेत डुकराच्या मणक्यांना बेताच्या भाराखाली हजारो वेळा वाकवलं, तेव्हा दोन मणक्यांमधल्या चकतीच्या आतला मऊ गाभा हळूहळू कडेला सरकत बाहेर आला. मेलेल्या ऊतीला स्वतःची डागडुजी करता येत नाही, जिवंत माणसाला येते. त्यामुळे त्या प्रयोगावरून सिटअप करणाऱ्या प्रत्येकाची चकती सरकेल असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण ज्याची कंबर आधीच कुरकुरते आहे त्याने हा व्यायाम सोडून द्यावा, असं मी ठामपणे सांगते. अमेरिकेच्या नौदलाने २०२१ मध्ये शारीरिक चाचणीतून सिटअपसारखा व्यायाम काढून प्लँक, म्हणजे कोपरं आणि चवड्यांवर अंग फळीसारखं ताठ धरणं, आणला.

सकाळच्या वेळेचाही इथे संबंध आहे. रात्री आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा एक-दीड सेंटिमीटर जास्त भरते. फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते. उठल्यावर पहिला तासभर कंबर दुमडायचे व्यायाम टाळा. फिरून या, चहा घ्या, आंघोळ उरका, मग मॅट अंथरा.

आणि चरबी? पोटाच्या व्यायामाने पोटाची चरबी जात नाही. १९८४ मध्ये एका प्रयोगात तरुणांकडून २७ दिवसांत एकेकी पाच हजारांवर सिटअप करून घेतल्या. आधी आणि नंतर पोट, पाठ आणि नितंब अशा तीन ठिकाणच्या चरबीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. पेशी थोड्या बारीक झाल्या होत्या, पण तिन्ही ठिकाणी सारख्याच. चरबी कुठून काढायची हे शरीर ठरवतं. आपल्याकडच्या पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असं मधुमेहतज्ज्ञ सांगतात. त्यासाठी रंकाळ्याभोवती रोज भरभर चालणं आणि ताटातला भात आवरणं यांचा उपयोग कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त होतो. विजेचे झटके देणारे पट्टे तर विकतच घेऊ नका. २००२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा पट्ट्यांच्या खोट्या जाहिरातींवर खटले भरले होते. छातीत पेसमेकर असेल तर ते जिवावर बेतू शकतात. घाम आणणाऱ्या पट्ट्याने फक्त पाणी जातं, ते दोन ग्लास प्यायल्यावर परत येतं.

मग घ्यायचं काय? आधी एक जाड मॅट. पावसाळ्यात कोल्हापुरात फरशी घामेजते, टाइल्सवर पातळ मॅट सरकते. विकत घेताना ती फरशीवर टाकून हाताने ढकलून बघा. एवढ्या सामानात प्लँक, कुशीवरचा प्लँक, आणि तळहात-गुडघ्यांवर राहून एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांबवणं हे तिन्ही व्यायाम होतात. दहा-दहा सेकंद धरायचे, सोडायचे, पुन्हा धरायचे. दोन मिनिटं थरथरत प्लँक धरण्यात शौर्य आहे, फायदा फारसा नाही.

स्प्रिंगचं टमी ट्रिमर मला आवडत नाही. स्प्रिंग दुप्पट ताणली की तिच्यात साठलेली ऊर्जा चौपट होते, आणि ती सुटते तेव्हा सरळ चेहऱ्याच्या रेषेत येते. पाय अडकवलेले असल्यामुळे काम पोटाऐवजी मांडीच्या मुळाशी असलेल्या स्नायूंकडे जातं. त्यातला एक, सोआस, कमरेच्या मणक्यांनाच चिकटलेला असतो आणि प्रत्येक ओढीला त्यांना पुढे खेचतो. पाय अडकवून सिटअप करायच्या बाकड्याचीही हीच गोष्ट.

त्यापेक्षा रबरी पट्टा किंवा ट्यूब घ्या, किंमतही कमी. खिडकीच्या मजबूत ग्रिलला छातीच्या उंचीवर बांधा, ग्रिलला कूस करून उभे राहा, दोन्ही हातांनी ट्यूब छातीशी धरा आणि सावकाश समोर ढकला. ट्यूब तुम्हाला ग्रिलकडे पिळायला बघते, तुम्ही पिळायचं नाही. मुद्गलाचंच तत्त्व, घरात कुणाचं डोकं न फुटता. रबर ऊन आणि हवेने म्हातारं होतं, म्हणून दर वेळी ते ताणून बारीक चिरा पाहा. एक जरी दिसली तरी कचऱ्यात. चेहऱ्याच्या दिशेने कधीच ओढू नका, डोळा जाऊ शकतो. ट्यूबही नको असेल तर दहा लिटरची भरलेली बादली एका हातात धरून गॅलरीत ताठ चाला. धड बादलीकडे कलू न देणं हाच व्यायाम.

चाकाचं रोलर हे मात्र खरोखर गुणी यंत्र आहे. स्नायूंतले विद्युत्-संकेत मोजणाऱ्या अभ्यासात पोटाला सर्वाधिक कामाला लावणाऱ्या व्यायामांत ते वर आलं. कारण तरफेचं आहे. गुडघे आणि चाक यांतलं अंतर वाढत जाईल तसं मधलं धड खाली झुकवणारं बल वाढतं, जसा लांब फळीचा मधला भाग जास्त वाकतो. पोट ते पेलू शकलं नाही की कंबर लोंबते, मणक्यांचे मागचे सांधे एकमेकांवर दाबले जातात, आणि दुसऱ्या दिवशी माणूस माझ्याकडे येतो. म्हणून भिंतीसमोर करा. भिंतीपासून अडीच फुटांवर खडूने रेघ मारा, गुडघे तिथे, चाक भिंतीला टेकलं की थांबायचं. नितंब आवळलेले, माकडहाड किंचित आत. सहा वेळा कंबर न लोंबवता जमलं की रेघ चार बोटं मागे. रुंद किंवा जोडचाक घ्या. एकेरी अरुंद चाक कलंडतं. दांडी जिथे चाकात बसते तिथला सांधा दर आठवड्याला हलवून बघा.

मोठा जिम बॉल हवा असेल तर उंची मोजून घ्या. बसल्यावर मांडी आणि पोटरी साधारण काटकोनात यायला हवीत. पाच फुटांपासून साडेपाचपर्यंत ५५ सेंटिमीटरचा, त्याहून उंचांना ६५ सेंटिमीटरचा. फुटला तरी हळूहळू बसेल असाच घ्या आणि सांगितलेल्या मापापेक्षा जास्त हवा भरू नका. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे ३० लाख चेंडू परत मागवावे लागले, कारण जास्त हवा भरल्यावर ते अचानक फुटत होते. बॉलवर बसून डंबेल्स उचलू नका.

लटकण्यासाठी दारात अडकवायच्या रॉडबद्दल एवढंच, की चौकट लाकडी आणि पक्की असली तरच.

कुठलंही यंत्र असो, श्वास कोंडू नका. जोर लावताना श्वास अडवला की रक्तदाब झपकन चढतो. रक्तदाबाचे, हृदयाचे रुग्ण, हर्निया असलेले आणि बाळंतीण यांनी तपासणीशिवाय सुरुवात करू नये. बाळंतपणानंतर अनेकींच्या पोटाच्या मधोमध स्नायूंत फट राहते, तिथे सिटअप केल्यास पोट सुळक्यासारखं वर येतं. तसं दिसलं तर थांबा आणि दाखवा. व्यायामानंतर पायात मुंग्या येऊ लागल्या, पाय बधिर झाला, तर विश्रांतीवर भागवू नका. लघवीवरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

त्या पोराला मी चार आठवडे फक्त मॅट दिली, नंतर चाक. स्प्रिंग आजोबांनी भंगारात घातली. परवा मी विचारलं तेव्हा त्यांच्या माडीवरची खडूची रेघ भिंतीपासून साडेतीन फुटांवर पोचली होती, आणि आजोबा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून त्याची कंबर लोंबते का ते बघत बसतात.