खोलीचं तापमान, पण कुणाच्या खोलीचं?

'हा कागद खोलीच्या तापमानाला वर्षभर टिकतो.' कृत्रिम जीवशास्त्रावरच्या लेखांत, विषाणू ओळखून रंग बदलणाऱ्या चाचणीच्या कागदाबद्दल, हे वाक्य आलं की मला भुसावळचा मे महिना आठवतो. प्रयोगशाळेतली खोली २५ अंशांची. आमच्याकडे पारा ४५ गाठतो, पत्र्याच्या घरात तर विचारूच नका.

तरी त्या कागदावर माझा जीव आहे. अमेरिकेतले शास्त्रज्ञ जेम्स कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी तो २०१४ मध्ये मांडला. ई. कोलाय जिवाणू फोडायचे, प्रथिनं बनवणारी यंत्रणा तेवढी काढून घ्यायची, कागदावर गोठवून वाळवायची. पाण्याचा थेंब पडला की ती पुन्हा कामाला लागते. पेशी नाही, पण पेशीचं काम चालू!

खरी गंमत त्यातल्या कुलपाची. आरएनएची, म्हणजे प्रथिनाची कृती लिहिलेल्या रेणूची, एक पट्टी स्वतःवरच दुमडलेली असते आणि रायबोसोमची, म्हणजे ती कृती वाचून प्रथिन बनवणाऱ्या यंत्राची, बसायची जागा त्या घडीत दडलेली असते. पट्टीचं एक टोक मात्र मोकळं. विषाणूचा आरएनए या टोकाशी अक्षराला अक्षर जुळला की तिथे चिकटतो आणि पिशवीची चेन उघडावी तशी घडी उलगडत जातो. रायबोसोम बसतो, एन्झाइम तयार होतं, पिवळा ठिपका जांभळा होतो. २०१६ मध्ये झिकासाठी असाच कागद केला, तेव्हा विषाणूचा आरएनए फार थोडा असल्याने आधी त्याच्या प्रती वाढवाव्या लागल्या. ती पायरी चालते ४१ अंशांना. तेवढी ऊब आमच्याकडे फुकट मिळते!

रंग बदलला म्हणजे निदान झालं, असं मात्र नाही. कावीळ उतरवणाराही हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावून चुन्याच्या निवळीत धुतो आणि पाणी पिवळं करून दाखवतो. निरोगी माणसाचे हात धुतले तरी ते पिवळंच होतं. म्हणून कागदालाही निरोगी नमुन्यांवर गप्प बसता आलं पाहिजे, आणि ते शेकडो नमुने तपासूनच कळतं.

इथे पैशाचा प्रश्न येतो. जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्राच्या 'बायरॅक' या संस्थेचं 'बिग' हे नव्या कल्पनांसाठीचं अनुदान १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतं. कल्पना चालते हे दाखवायला ते पुरतं. पुढे प्रत्येक खेप सारखी निघणं, रुग्णांवरच्या चाचण्या, परवाने ही सगळी निंदणी-कोळपणी. पेरणीला पैसे देणारे भेटतात, पीक उभं राहिलं की व्यापारी बांधावर येतो. मधल्या खर्चाला कुणी नसतं.

अनुदान देणाऱ्यांनी एक अट घालावी: टिकाऊपणाची चाचणी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या एखाद्या उपकेंद्रात, एप्रिल-मे महिन्यात, वीज गेलेली असताना.