कथाप्रधान नियमरचना (भूमिका-खेळ)

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन, मुख्यतः बोलून खेळल्या जाणाऱ्या खेळाला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम किंवा भूमिका-खेळ म्हणतात. अशा खेळात ज्या नियमांचे पहिले काम गोष्ट पुढे नेणे हे असते आणि अंतर, वजन, जखमा यांचा हिशेब दुय्यम ठरतो, त्यांच्या आखणीला कथाप्रधान नियमरचना म्हणता येईल. कथाप्रधान खेळ म्हणजे कमी नियमांचा, सूत्रधाराच्या (जग आणि इतर पात्रे रंगवून खेळ चालवणाऱ्याच्या) मर्जीवर चालणारा खेळ, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. यांतल्या काही खेळांची नियमपुस्तके चांगली जाडजूड आहेत. पारंपरिक नियम विचारतो, 'जमले का?' कथाप्रधान नियम विचारतो, 'आता काय होते, आणि ते कोण सांगणार?'

एक साधा प्रसंग घ्या. चोर कुलूप उघडू पाहतो आहे. फासा टाकला, दान कमी पडले, कुलूप उघडले नाही. खेळाडू म्हणतो, 'पुन्हा प्रयत्न करतो.' पुन्हा फासा. नियम कुठे मोडला नाही, पण गोष्ट दारातच अडली. कथाप्रधान रचनेत फासा उचलण्याआधीच पणाला काय लागले आहे ते ठरते. दान वाईट पडले तर कुलूप उघडेल, पण खटका पहारेकऱ्याच्या कानी जाईल. पणाला काहीच नसेल तर फासा टाकायचाच नाही. कुलूप उघडले म्हणावे आणि पुढे जावे. व्हिन्सेंट बेकर यांच्या 'डॉग्ज इन द व्हिनयार्ड' (२००४) या खेळाने हा दंडक ठसठशीतपणे मांडला: सूत्रधाराने एक तर होकार द्यावा, नाहीतर फासे टाकायला लावावेत. ल्यूक क्रेन यांच्या 'द बर्निंग व्हील'मध्ये त्याला शोभणारा जोडनियम आहे. एकदा पडलेले दान त्या प्रसंगापुरते कायम राहते; परिस्थिती खरोखर बदलल्याखेरीज पुन्हा फासा नाही.

या प्रकाराची मुळे शोधताना युद्धखेळांपर्यंत जावे लागते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला, तो छोट्या प्रतिकृतींच्या लढायांमधून. त्यामुळे लढाईचे नियम तपशीलवार, आणि संवाद, मैत्री, विश्वासघात यांना नियमांत फारशी जागा नाही. तरी त्या पहिल्या खेळातही एक गोष्ट शिकण्याजोगी होती. पात्राच्या प्रगतीचे गुण मोठ्या प्रमाणावर हाती लागलेल्या सोन्यावर मोजले जात, म्हणून खेळाडू राक्षसाशी झुंजण्यापेक्षा त्याला चुकवून खजिना लांबवण्याच्या मागे असत. ज्याचा मोबदला मिळतो ते घडते. नियमाने वागणूक घडवता येते ही जाण तिथूनच सुरू होते, मग ती आखणाऱ्यांच्या मनात असो वा नसो.

१९८० च्या दशकात नियमांनी पात्राच्या मनात शिरकाव केला. 'कॉल ऑफ कथुलू' (१९८१) मध्ये जखमांबरोबर मानसिक संतुलनही मोजले जाऊ लागले. आर्थर राजाच्या सरदारांवर बेतलेल्या, ग्रेग स्टॅफर्ड यांच्या 'पेंड्रॅगन' (१९८५) मध्ये दया आणि क्रौर्य अशा परस्परविरोधी स्वभावगुणांच्या १३ जोड्या आहेत; जोडीची बेरीज नेहमी २०, म्हणजे एक वाढला की दुसरा घटतो. वीस बाजूंच्या फाशाचे दान विरुद्ध पडले तर आपला सरदार आपल्याच इच्छेविरुद्ध वागू शकतो. काही खेळाडूंना हे आजही रुचत नाही, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण लढाईबाहेरच्या नियमाने इतकी कथा निर्माण करावी, हे त्या काळात नवलच होते. १९९१ च्या 'व्हॅम्पायर: द मास्करेड'ने कथाकथनाचा झेंडा उघड खांद्यावर घेतला. त्याच्या प्रस्तावनेतली भाषा मात्र त्याच्या फाशांपेक्षा पुष्कळ पुढे गेलेली होती.

खरा पालट २००० नंतरचा, आणि त्यात सर्वाधिक अनुकरण झाले ते व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) या खेळाचे. त्यातले यंत्र पाहण्यासारखे आहे. सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, बेरजेत पात्राचा गुण, म्हणजे त्या कामातली त्याची तयारी दाखवणारा छोटा अंक, मिळवायचा. १० किंवा अधिक आले तर हवे ते साधते. ७ ते ९ आले तर साधते, पण किंमत मोजून किंवा अर्धवट. ६ किंवा कमी आले तर सूत्रधार अडचण उभी करतो. गुण शून्य असेल तेव्हा ३६ शक्यतांपैकी १५ मधल्या, म्हणजे ७ ते ९ च्या, पट्ट्यात पडतात. गुण १ झाला तर १६, आणि २ झाला तरी पुन्हा १५. म्हणजे गुण शून्यावरून २ पर्यंत चढला तरी वरचे आणि खालचे पट्टे आपसांत जागा बदलतात, मधला जवळपास जागचा हलत नाही. 'हो, पण' हे उत्तर त्यामुळे सतत येत राहते, आणि प्रत्येक 'पण' पुढच्या प्रसंगाचे बी असते. ही किमया अंकगणिताची आहे.

या खेळात नियम 'मूव्ह' नावाच्या तुकड्यांत लिहिलेले असतात. प्रत्येक मूव्ह कथेतल्या कृतीने सुरू होतो आणि कथेतल्या परिणामाने संपतो. खेळाडूने नुसते 'मी धमकावतो, फासा टाकू का?' म्हणून भागत नाही. कोणाला, काय बोलून, कशाच्या जोरावर हे सांगावे लागते. सूत्रधार स्वतः फासे टाकत नाही. त्याच्यासाठी तत्त्वांची आणि चालींची वेगळी यादी असते, आणि ती सल्ला नसून नियमच असते.

याच काळातल्या इतर खेळांनी वेगळ्या वाटा चोखाळल्या. 'फेट'मध्ये पात्राचे वर्णन करणारी वाक्ये हीच खेळाची साधने असतात. 'शब्दाला जागणारा' असे लिहिलेले असेल तर एक फेट-गुण (खेळाडूजवळ खर्चायला असलेला ठोकळा) खर्चून त्या वाक्याचा फायदा उठवता येतो. उलट सूत्रधार तेच वाक्य पुढे करून पात्राला गोत्यात आणू पाहतो, ते पत्करले तर खेळाडूला गुण मिळतो आणि नाकारले तर पदरचा द्यावा लागतो. जॉन हार्पर यांच्या 'ब्लेड्स इन द डार्क' (२०१७) मध्ये दरोड्याची तयारी आधी तासभर खलत बसायची नसते. ऐन वेळी अडले की खेळाडू भूतकाळातला प्रसंग सांगतो, त्याची किंमत मानसिक ताणाच्या रूपात चुकवतो, आणि पहारेकरी कालच फितवलेला निघतो. रॉबिन डी. लॉज यांच्या 'गमशू' पद्धतीने रहस्यकथेचे दुखणे ओळखले: फासा चुकल्यामुळे महत्त्वाचा धागा सापडलाच नाही तर पुढे खेळायचे काय? म्हणून योग्य कौशल्य असलेले पात्र योग्य जागी शोध घेते तेव्हा मुख्य धागा हाती लागतोच. कस लागतो तो अर्थ लावताना.

सूत्रधार असावाच असेही नाही. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या 'फियास्को' (२००९) मध्ये आपल्या पाळीला खेळाडू एक तर प्रसंग उभा करतो किंवा त्याचा शेवट ठरवतो. दोन्ही त्याच्या हाती नसतात, उरलेला भाग इतरांचा. यामागचा विचार पॉल चेगे यांच्या नावाने ओळखला जातो: पात्रापुढची अडचण आणि तिची सोडवणूक एकाच माणसाने रचली तर खेळ कंटाळवाणा होतो. हक्कांची वाटणी हाच या शाखेचा गाभा म्हणावा लागेल.

आक्षेपही आहेत. पात्राच्या डोळ्यांनी पाहू इच्छिणाऱ्या खेळाडूला वारंवार लेखकाच्या खुर्चीत बसवले की त्याची तंद्री मोडते. हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर नियमाने तोड निघालेली नाही. तो आवडीचा प्रश्न आहे. दुसरा आक्षेप सूत्रधारांचा: रात्रभरात वीस वेळा 'हो, पण' आले की विसावा 'पण' सुचत नाही. यावर उपाय मात्र आहे. आखणाऱ्याने मधल्या निकालासाठी निवडीचे ठोस पर्याय स्वतः लिहून द्यावेत. 'काहीतरी गुंतागुंत होते' एवढेच लिहिणे म्हणजे आपले काम दुसऱ्याच्या गळ्यात मारणे.

हे दोष आखणाऱ्याच्या स्वतःच्या टेबलावर सहसा दिसत नाहीत, कारण नियमातली फट तो नकळत बोलून बुजवतो. त्यासाठी मजकूर अनोळखी गटाला देऊन, स्वतः दूर राहून चाचणी घेतात. फासे स्थिरावल्यावर सगळे गप्प होऊन एकमेकांकडे पाहू लागले, की नियमाचे ते पान पुन्हा लिहायला घेतात.