जमिनीतली टाकी, जवळची विहीर

पेट्रोल पंपाची टाकी जमिनीत पुरतात ती आगीच्या भीतीने, आणि तिच्यावर नजर ठेवणारा १९३४ चा पेट्रोलियम कायदाही मुळात सुरक्षिततेसाठीच झाला. परवान्याचे काम स्फोटके खात्याकडे, म्हणजे आजच्या नागपूरच्या ‘पेसो’कडे, राहिल्यामुळे गळती म्हणजे मालाची तूट आणि भडक्याचा धोका, असाच तिचा अर्थ वर्षानुवर्षे लावला गेला. पंपावर मोजणीचा गज टाकीत सोडून ‘डीप’ घेतात, म्हणजे मालाची पातळी मोजतात. गजाच्या टोकाला लावलेल्या पेस्टला पाणी लागले की तिचा रंग बदलतो. टाकीत शिरलेले पाणी त्यातून कळते, मात्र टाकीतून गळून आसपासच्या विहिरींच्या पाण्यात मिसळलेले पेट्रोल त्यातून कळत नाही.

अमेरिकेत नुसत्या पोलादाच्या टाक्या गंजून गळू लागल्यावर १९८४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, १९८८ मध्ये नियम निघाले आणि जुन्या टाक्या सुधारण्यासाठी १९९८ च्या डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नव्या पंपांसाठीच्या मार्गदर्शक सूचना जानेवारी २०२० मध्ये आल्या. त्यातली शाळा, रुग्णालय आणि वस्तीपासून ५० मीटर अंतराची अट बरीच गाजली. माती आणि पाणी दूषित होण्याची बाब मात्र मागेच राहिली, याची मला खंत वाटते.

बेळगाव भागाला विहिरींच्या पाण्याचा प्रश्न परका नाही. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत विहीर खोदली गेली, आणि १९९५ च्या टंचाईत शहरातल्या बुजत चाललेल्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. निपाणी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यातून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, त्यामुळे पंप आणि विहिरी एकमेकांच्या शेजारी आहेत. त्यातच आपला जांभा सच्छिद्र, आणि उत्तरेकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाहते. त्यामुळे पंपालगतची विहीर निर्धोक आणि त्याहून लांबची बाधित, असेही होऊ शकते.

पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगते, पण त्यातले बेंझिन हे विषारी रसायन पाण्यात विरघळते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, आणि वास यायला त्याच्या शंभरपटीहून जास्त प्रमाण लागते. म्हणून ‘वास येत नाही’ हा निर्वाळा पुरेसा नाही. नमुना ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत काठोकाठ भरतात, झाकण लावून कुपी उलटी धरतात आणि आत एकही बुडबुडा नाही ना, ते पाहतात, कारण बेंझिन त्या बुडबुड्यातल्या हवेत निघून जाते. मग कुपी बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. मातीचा नमुना टाकीच्या तळाखालून आणि उताराच्या बाजूने घ्यावा लागतो. पावसाळ्यात भूजलाची पातळी चढली की मातीत अडकलेले पेट्रोल पुन्हा पाण्याच्या संपर्कात येते. म्हणून मे महिन्यातल्या नमुन्यावर न थांबता पाऊस ओसरल्यावर त्याच विहिरीचा दुसरा नमुना घ्यावा लागतो.