पांढऱ्या चट्ट्याचा माग : मुंबई आणि तोंडाचा कॅन्सर

मुंबईत 'त्यांना टाटाला नेलंय' एवढे सांगितले की ऐकणारा पुढचे काही विचारत नाही. आजाराचे नाव घेण्याऐवजी परळच्या रुग्णालयाचे नाव घेण्याची ही रीत या शहरात इतकी मुरली आहे, की तिच्यामागे काय काय दडले आहे याकडे आपले लक्षच जात नाही. तोंड हा शरीराचा असा भाग आहे जो आरसा आणि थोडा उजेड असला तर कोणालाही पाहता येतो, आणि तरीही तिथला कॅन्सर बहुसंख्य रुग्णांमध्ये पुढच्या टप्प्यावर गेल्यानंतरच सापडतो. हे का होते ते समजून घ्यायचे तर या आजाराचा इतिहास पाहावा लागतो, आणि त्या इतिहासाचा बराच भाग मुंबईत घडलेला आहे.

मुखरोगांची नोंद आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि संपूर्ण मुख अशा सात जागी होणारे ६५ मुखरोग सांगितले आहेत आणि टाळूच्या रोगांत अर्बुदाचाही उल्लेख आहे. म्हणजे तोंडातील गाठ वैद्यांना अपरिचित नव्हती. मात्र त्या काळी तंबाखू या देशात नव्हती. ती पोर्तुगीजांबरोबर आली, सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरहून अकबराच्या दरबारापर्यंत पोहोचली, आणि पान-सुपारी-चुन्याच्या आधीपासून चालत आलेल्या सवयीत अशी मिसळून गेली की ती बाहेरून आली हेच लोक विसरले.

महाराष्ट्रात तिने घेतलेली रूपे इथल्या माणसाला वेगळी सांगायला नकोत. गिरणीत दिवसभर उभा राहणारा कामगार तळहातावर चुना-तंबाखू मळून गालात बार भरी. पानाची चंची आणि चुन्याची डबी ही घराघरांत असे. बायकांसाठी मशेरी होती. चाळीत सकाळी कोणाच्या तरी घरी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली जाई, तिचा ठसका सगळ्या मजल्याला लागे, मग ती चुरून डबीत भरली जाई. दात घासायची म्हणून सुरू झालेली मशेरी दिवसातून चार-पाच वेळा हिरडीला लागू लागली तरी तिला कोणी व्यसन म्हणत नसे. माझ्या आजीच्या पिढीत तर ते दातांचे औषधच होते. या समजुतीने किती हिरड्यांचे नुकसान केले असेल, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या; पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी यांचेही निधन झाले. पुढे दोराबजींच्या नावाच्या विश्वस्त निधीने उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथे आलेल्या पॅथॉलॉजिस्ट डॉ. व्ही. आर. खानोलकर यांनी रुग्णांच्या गाठींबरोबरच त्यांच्या सवयींचीही विचारपूस केली. १९४४ मध्ये, रुग्णालय सुरू होऊन जेमतेम तीन वर्षे झाली असताना, त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढे १९५५ मध्ये एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासह त्यांनी तंबाखू खाणारे आणि ओढणारे यांची तुलना मांडली. खाणाऱ्यांमध्ये तोंडाच्या पोकळीचा आणि ओढणाऱ्यांमध्ये घशाकडील भागांचा कॅन्सर अधिक दिसतो, असे त्यातून पुढे आले. जिथे तंबाखूचा बार बसतो तिथेच रोग धरतो, ही आज साधी वाटणारी गोष्ट अशी एकेका रुग्णाला विचारून सिद्ध करावी लागली.

कॅन्सर कसा होतो याच्यापेक्षाही तो होण्याआधी तोंडात काय दिसते, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याच्या उत्तरात मुंबईच्या पोलिसांचा मोठा वाटा आहे. गालाच्या आत दिसणारा, खरवडून न निघणारा पांढरा चट्टा, ज्याला डॉक्टर ल्युकोप्लाकिया म्हणतात, तो कोणाला होतो आणि त्याचे पुढे काय होते हे पाहण्यासाठी डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई पोलीस दलातील शिपायांची तोंडे तपासली, आणि दहा वर्षांनी पुन्हा तपासली. एवढ्या मोठ्या शहरात तीच माणसे दहा वर्षांनी परत गाठणे किती अवघड असते हे सर्वेक्षण करणाऱ्याला विचारावे. पोलीस नोकरीत असल्यामुळे ते जमले. त्या पाठपुराव्याचे निष्कर्ष १९७२ मध्ये छापून आले. त्याच सुमारास टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने खेड्यांकडे मोर्चा वळवला. पाच जिल्ह्यांतील ५० हजारांहून अधिक गावकऱ्यांची घरोघर जाऊन केलेली तपासणी १९६९ मध्ये, तर महाराष्ट्रातील १ लाख १ हजार ७६१ गावकऱ्यांची पाहणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या गटाने तंबाखू वापरणाऱ्या सुमारे ३६ हजार लोकांना वर्षानुवर्षे भेटून ती सोडण्याविषयी समजावले आणि त्यांच्या तोंडात काय बदल होतो ते नोंदवले. ज्यांनी सवय सोडली किंवा कमी केली त्यांच्यात नवे पांढरे चट्टे कमी झाले, आणि कॅन्सर झाला तो बहुतेक आधीपासून चट्टा किंवा अशीच दुसरी खूण असलेल्यांना झाला.

दुसरी खूण सुपारीची. काहींना हळूहळू तिखट झोंबू लागते, गालाच्या आतली कातडी पांढुरकी आणि चिवट होते, आणि तोंड उघडेनासे होते. १९५२ मध्ये केनियातील भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराचे वर्णन केले गेले आणि १९५३ मध्ये मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिले, जे पुढे जगभर रूढ झाले. टाटा मेमोरियलचे डॉ. जे. सी. पेमास्टर यांनी १९५६ मध्ये त्याचा कॅन्सरशी असलेला संबंध दाखवला. दवाखान्यात त्याची चाचणी अगदी साधी असते: आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांच्या मधून आत घालायची. निरोगी प्रौढ माणसाची जातात. ज्याचे एकच बोट जेमतेम शिरते त्याच्या तोंडात डॉक्टरला बत्ती आणि आरसासुद्धा नीट नेता येत नाही, म्हणजे ज्याची तपासणी सर्वांत गरजेची त्याचीच ती सर्वांत कठीण होऊन बसते.

पूर्वी हा विकार मुख्यतः वर्षानुवर्षे सुपारी चघळणाऱ्यांचा होता. पुड्यांतील पानमसाला आणि गुटखा आल्यावर तो कॉलेजच्या पोरांपर्यंत पोहोचला. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गेली, आणि अन्नसुरक्षा नियमांच्या आधारे २०१२ मध्ये पुन्हा आली. त्यानंतरही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत असल्याचे दिसले. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी आपल्या सवयीबद्दल जाहीरपणे सांगितले. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे फेब्रुवारी २०१५ मध्ये याच आजाराने निधन झाले.

उपचारांचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. सुरुवातीला रेडियम, क्ष-किरण आणि जबड्यासकट मोठा भाग काढणारी शस्त्रक्रिया हेच हाती होते. नंतर छातीची कातडी आणि स्नायू वळवून गाल बांधणे आणि पायाचे हाड आणून जबडा उभा करणे शक्य झाले. मात्र मानेतल्या गाठींचा प्रश्न अनेक वर्षे वादाचा राहिला. तोंडातला कॅन्सर लहान आहे आणि मानेत हाताला काही लागत नाही, तर मानेतील लसीकाग्रंथी (तोंडातला कॅन्सर सहसा आधी जिथे पसरतो त्या) आधीच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे? डॉ. अनिल डिक्रूझ आणि टाटा मेमोरियलमधील सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट करून याचा छडा लावला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५०० रुग्णांचा हिशेब मांडला होता: ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. याच रुग्णालयाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, बरा होण्यापलीकडे गेलेल्या डोके-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांना निव्होल्युमॅब हे महाग औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, इतर स्वस्त औषधांच्या जोडीने दिले गेले. फक्त स्वस्त औषधे घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के वर्षभर जगले, तर निव्होल्युमॅबही मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. दादरच्या धर्मशाळेत मुक्काम करून उपचार घेणाऱ्या कुटुंबासाठी औषधाची मात्रा हा घरदार विकण्याचा किंवा न विकण्याचा प्रश्न असतो, म्हणून मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो.

निदानाच्या बाजूला मात्र साधने जवळजवळ तीच आहेत. चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली की त्यातला लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, म्हणजे बायोप्सी, हाच आजही खात्रीचा मार्ग आहे. 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' ही भीती लोकांच्या मनात इतकी घट्ट आहे की बायोप्सीचा कागद खिशात घेऊन माणसे महिनोन्‌महिने वैदू, बाबा आणि मलमे यांच्या मागे फिरतात. दाढ टोचते म्हणून जखम झाली असे समजून दाढच काढून घेतली जाते आणि त्या जागेची जखम भरतच नाही, हाही नेहमीचा अनुभव. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वर्षे वयाच्या प्रत्येकाची पाच वर्षांतून एकदा तोंडाची तपासणी करण्याची चौकट आखली. तिच्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकेने बत्तीच्या उजेडात दोन्ही गाल, हिरड्या, जीभ आणि जिभेखालची जागा पाहायची असते, आणि संशय आल्यास पुढे पाठवायचे असते. त्याला लागणारा वेळ काही मिनिटांचा आहे, आणि पाहायचा असतो तो मेहतांनी शिपायांच्या गालांत मोजलेला तोच पांढरा चट्टा.