चुंबक-विद्युत युग्मन

स्फटिकातील चुंबकीय क्रम (अणूंच्या सूक्ष्म चुंबकांची ठरावीक मांडणी) आणि विद्युत ध्रुवण (धन व ऋण भारांचे एकमेकांपासून किंचित सरकणे) यांचा परस्परसंबंध. असा संबंध असलेल्या स्फटिकात चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवण आणि विद्युत क्षेत्रामुळे चुंबकन निर्माण होऊ शकते.

हा गुण दुर्मिळ का, याचे उत्तर सममितीत आहे. स्फटिक केंद्राभोवती उलटवला तर ध्रुवणाची दिशा बदलते. काळाचा प्रवाह उलटा कल्पिला तर बदलत नाही. चुंबकनाचे नेमके याच्या विरुद्ध. म्हणून क्षेत्राच्या समप्रमाणात वाढणारे युग्मन या दोन्ही सममिती मोडलेल्या स्फटिकांतच आढळते. प्येर क्यूरी यांनी १८९४ मध्ये ही शक्यता सुचवली होती. १९५९ मध्ये झ्यालोशिन्स्की यांनी क्रोमियम ऑक्साइडबाबत भाकीत केले आणि पुढच्याच वर्षी अस्त्रोव यांनी ते प्रयोगाने खरे ठरवले.

त्याहून विलक्षण म्हणजे केवळ स्पिनांच्या (इलेक्ट्रॉनांच्या अंगभूत सूक्ष्म चुंबकांच्या) मांडणीतून उपजणारे ध्रुवण. टर्बियम मँगनाइटमध्ये ते २००३ मध्ये किमुरा, तोकुरा व सहकाऱ्यांना दिसले. सुमारे ४१ केल्विनखाली यातील मँगनीजचे स्पिन एकाच रेषेत राहून लाटेसारखे कमी-जास्त होतात. क्रम आहे, पण ध्रुवण नाही, कारण या लाटेत केंद्रसममिती, म्हणजे केंद्राभोवती उलटवले तरी रचना तीच राहणे, टिकून असते. सुमारे २८ केल्विनखाली मात्र स्पिन चाकाच्या आऱ्यांप्रमाणे क्रमाने वळत जातात. वळण्याला दिशा आली की केंद्रसममिती उरत नाही. शेजारचे दोन स्पिन परस्परांशी कोन करतात, तेव्हा स्पिन-कक्षा युग्मनामुळे (इलेक्ट्रॉनाचा स्पिन आणि त्याची कक्षेतील गती यांच्या संबंधामुळे) त्यांच्यामधला ऋणभारित ऑक्सिजन आयन किंचित सरकण्याकडे झुकतो. इलेक्ट्रॉनांचे वितरणही बदलते. सर्वत्र वळण एकाच दिशेचे असल्याने हे बदल एकमेकांना रद्द करत नाहीत, त्यांची बेरीज होते. वळणाची दिशा उलटली की ध्रुवणही उलटते. काही टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्राने ते स्फटिकाच्या एका अक्षावरून दुसऱ्या अक्षावर वळवता येते. हे ध्रुवण बेरियम टायटॅनेट या नेहमीच्या ध्रुवित स्फटिकाच्या तुलनेत शेकडो पटींनी क्षीण असते. मोल आहे ते चुंबकीय क्रमाशी असलेल्या त्याच्या घट्ट नात्याला.

बिस्मथ फेराइटची गोष्ट वेगळी. त्यातील ध्रुवण मुख्यतः बिस्मथमुळे आणि चुंबकीय क्रम लोहामुळे येतो. ध्रुवण सुमारे १,१०० केल्विनपर्यंत, तर प्रतिलोहचुंबकीय क्रम (शेजारचे स्पिन परस्परविरुद्ध असलेली मांडणी) सुमारे ६४० केल्विनपर्यंत टिकतो. सामान्य तापमानाला दोन्ही एकत्र नांदत असल्यामुळे विजेच्या दाबाने चुंबकीय नोंद लिहिण्याच्या संशोधनात या पदार्थाला अग्रस्थान आहे. मात्र मोठ्या स्फटिकात सुमारे ६२ नॅनोमीटर आवर्तनाचे स्पिनवलय (स्पिनांची क्रमाने वळत जाणारी रचना) समप्रमाणी परिणाम शून्यावर आणते. ते मोडण्यासाठी ताण दिलेले पातळ थर वापरतात.