मेणाचा गोळा आणि खंबाटकीचा चढ

मे महिन्यातल्या एका दुपारी पुण्याहून साताऱ्याकडे जाताना, खंबाटकी घाटाच्या चढावर माझ्या गाडीच्या तापमानाचा काटा मधली जागा सोडून लाल रेघेकडे सरकू लागला. घाट उतरल्यावर भेटलेल्या मेकॅनिकने रेडिएटरचे दोन्ही होजपाईप हाताने चाचपून पाहिले. वरचा जेमतेम कोमट आणि खालचा गार लागताच त्याने निकाल दिला, "साहेब, थर्मोस्टॅटचा वॉल अडकलाय. काढूनच टाकू. आपल्याकडे कुठे बर्फ पडतोय!" थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. मेकॅनिकचे निदान अचूक होते. उपाय मात्र चुकीचा होता, आणि हा चुकीचा उपाय आपल्याकडे इतका रुळला आहे की त्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिचा साधारण एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, तेवढाच धुरावाटे निघून जातो आणि उरलेला जवळपास तेवढाच भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला उचलावा लागतो. चढावर इंजिन ३० किलोवॅट शक्ती देत असेल, तर जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात उतरते, म्हणजे २ किलोवॅटचे पंधरा गीझर एकदम चालू असल्यासारखे आहे. ही उष्णता वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, रेडिएटरकडे ढकलतो आणि तिथे वारा तिला घेऊन जातो.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे उघड्या पातेल्यातले पाणी ९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण मात्र कुकरच्या शिट्टीसारखे काम करते आणि आत वातावरणापेक्षा साधारण १ बार जास्त दाब धरून ठेवते, त्यामुळे आतले पाणी ११५ अंशांनाही उकळत नाही. तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये, याचे कारण याच हिशेबात आहे. आत ११५ अंशांचे ५ लिटर पाणी असेल आणि दाब एकदम गेला, तर ते ९८ अंशांवर येईपर्यंत त्यातले सुमारे दीडशे ग्रॅम पाणी वाफ बनते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तेवढी वाफ अडीचशे लिटरहून अधिक जागा मागते. दोनशे लिटरच्या पिंपात ती मावणार नाही, आणि ती सगळी वाफ उकळते पाणी बरोबर घेऊन झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. म्हणून किमान तासभर थांबावे.

आता माझ्या आवडीच्या वस्तूकडे येतो. थर्मोस्टॅट ही लिंबाएवढी पितळी वस्तू आहे, तिच्यात वीज नाही की तार नाही. तिच्या पोटातल्या पितळी वाटीत मेण भरलेले असते आणि उष्णता लवकर आतवर पोचावी म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळलेली असते. बर्फ वितळताना आकसतो, हा अपवाद आहे. बहुतेक पदार्थ वितळताना फुगतात आणि मेण तर दहा ते पंधरा टक्के फुगते. मेण म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. साखळी जितकी लांब, तितके ते उशिरा वितळते. मेणबत्तीचे मेण साठ अंशांच्या आसपास वितळते, तर चाळीस कार्बनची शुद्ध साखळी ८२ अंशांच्या जवळ. त्यामुळे मेणाची निवड हीच थर्मोस्टॅटची आज्ञावली ठरते. वितळलेले मेण दाबून लहान करता येत नाही, म्हणून ते रबराच्या आवरणावर आणि आवरण मधल्या बारीक दांड्यावर प्रचंड जोर लावते. दांड्याचे वरचे टोक चौकटीत अडकवलेले असल्याने तो वर जाऊ शकत नाही. मग वाटीच खाली सरकते, स्प्रिंगला दाबते आणि आपल्याबरोबर झडपेची चकती उघडते. पाणी थंड झाले की मेण गोठून आकसते आणि स्प्रिंग झडप मिटवते. ही युक्ती सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात काढली आणि आजही ती जवळपास तशीच चालू आहे.

या झडपेमुळे गार इंजिन लवकर तापते. गार इंजिन पेट्रोल जास्त पिते, त्याच्या ऑइलमध्ये न जळलेले इंधन आणि बाष्प साचत जाते, आणि हे नुकसान पुण्याच्या उन्हाळ्यातही होते, कारण तीस अंशांची सकाळसुद्धा ९० अंशांच्या इंजिनाला गारच असते. मुख्य मुद्दा पुढचा आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला दुसरी चकती असते. वरची झडप उघडताना ही खालची चकती रेडिएटरला वळसा घालणारी आडवाट बंद करते. थर्मोस्टॅट काढून टाकला की ही आडवाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरचे तोंडही न पाहता पुन्हा इंजिनात शिरतो. म्हणजे ज्या घाटात गाडी गार राहावी म्हणून हा उद्योग केला, तिथेच ती अधिक तापू शकते.

याचे एक चुकीचे स्पष्टीकरण मी अनेकदा ऐकले आहे, ते असे की थर्मोस्टॅट नसला तर पाणी रेडिएटरमधून इतके वेगाने जाते की त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही. वेगाने जाणारे पाणी एका फेरीत कमी अंश गमावते हे खरे, परंतु ते तितक्याच वेगाने परतही येते, आणि संपूर्ण रेडिएटरभर त्याचे सरासरी तापमान जास्त राहिल्याने वाऱ्याकडे जाणारी उष्णता घटत नाही, उलट वाढते. दोष वेगाचा नसून वाट चुकल्याचा आहे. याच न्यायाने, "इंजिन दहा अंश थंड ठेवते" असे छापलेल्या, रेडिएटरमध्ये ओतायच्या रंगीत बाटल्यांवरही विश्वास ठेवू नये, कारण नेहमीच्या रस्त्यावर निरोगी गाडीचे तापमान बाटली ठरवत नाही, मेण ठरवते. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेल्या लिंबू-मिरचीने निदान काही बिघडत नाही. दसऱ्याचा झेंडूचा घसघशीत हार दिवाळीपर्यंत जाळीवर तसाच ठेवला, तर रेडिएटरचा वारा मात्र नक्की अडतो.

मी मेकॅनिकला नकार दिला आणि ऊन उतरल्यावर, एसी बंद व हीटर पूर्ण चालू ठेवून, बोगद्याच्या वाटेने सावकाश पुण्यात परतलो. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच असतो. घामाच्या धारा लागतात, पण इंजिनाचे ओझे हलके होते. दुसऱ्या दिवशी गार गाडीतला थर्मोस्टॅट काढून तो दोऱ्याने बांधून एका टाकाऊ पातेल्यातल्या पाण्यात, तळाला टेकू न देता, सोडला आणि शेजारी थर्मामीटर लावला. त्याच्यावर ८२ हा आकडा कोरलेला होता. ८२ गेले, ९० गेले, पाणी ९८ ला खदखदू लागले, तेव्हा कुठे चकती जेमतेम ३ मिलिमीटर हलली. ती ८ च्या आसपास उघडायला हवी होती. दांड्याभोवती पांढरा क्षार आणि गंज बसला होता. वर्षभर सोसायटीच्या टँकरचे पाणी मीच रेडिएटरमध्ये ओतत होतो, त्यामुळे दोष द्यायला दुसरे कोणी नव्हते.

होजपाईप गार लागणे हे एकच लक्षण नव्हे. गाडी सिग्नलला तापत असेल आणि हमरस्त्यावर ठीक चालत असेल, तर पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले तपासावा. गळती दिसत नाही तरी पाणी घटते, धूर पांढरा येतो, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते, तेव्हा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या भागामधली (हेडमधली) सीलची पट्टी, गेली असे समजून घरगुती प्रयोग थांबवावेत. हेड उतरवून त्याचे फेसिंग करणे, म्हणजे त्याची बाजू घासून सपाट करणे, अंगणात होत नाही.

नाना पेठेतून नवा थर्मोस्टॅट आणला आणि तोही आधी पातेल्यात उकळून पाहिला. बसवताना त्याची छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवली, कारण अडकलेली हवा तिथूनच निसटते. जुने पाणी बादलीत धरले, कारण रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या कूलंटमधले ग्लायकॉल चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना जीवघेणे असते. मग निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर भरून, झाकण उघडे ठेवून, गार इंजिन चालू केले. बुडबुडे थांबले तसे झाकण लावले आणि वरच्या होजपाईपवर हात ठेवून उभा राहिलो. नऊ मिनिटे तो गार होता. त्यानंतर अर्ध्या मिनिटात तो हात ठेवता येणार नाही इतका तापला, काही वेळाने पंखा घरघरला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतली पातळी बोटभर उतरली होती. तेवढी हवा रात्रीत बाहेर पडली होती. ती भरून काढली.